सरांचं उत्तम

सर आजारी पडण्यापूर्वी मला शेवटचं जे बोलले ते असं: "शेवटचं प्रकरण पुन्हा लिहून आणा. मग बघू, तुम्हाला विचार करता येतो का." सहा-सात वर्षं आपल्या हाताखाली प्रबंध लिहिणाऱ्या मुलीला हे तोंडावर सांगायला सरच हवेत. मी तणतणत घरी गेले, दार लावून बसले आणि प्रकरण मुळापासून नव्याने लिहून काढलं. ते घेऊन निघणार त्याच सकाळी काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा फोन आला. सरांच्या मेंदूत गुठळी अडकली होती. उजवी बाजू लुळी पडली होती आणि वाचा गेली होती.

माझा विषय साहित्य समीक्षेचा इतिहास. पुस्तकांचा नव्हे, पुस्तकांना बरं-वाईट म्हणणाऱ्यांचा. कोणी, कधी, कशाच्या जोरावर म्हटलं आणि त्याला तो अधिकार कुठून मिळाला, हे शोधता शोधता मी तिशी ओलांडली. आईला ते कधीच पटलं नाही. ती म्हणायची, "दुसऱ्याच्या लिखाणाला नावं ठेवायला एवढी वर्षं शिकावं लागतं होय? तुझी आत्या ते उभ्याउभ्या करते, आणि तेही न वाचता." आत्याबद्दल आईचं म्हणणं अगदी खरं आहे, पण तो विषय वेगळा.

सरांच्या वर्गात पहिल्याच तासाला फळ्यावर काही शब्द लिहून त्यांवर काट मारली जायची. सुंदर, अप्रतिम, हृदयस्पर्शी, उत्तम. हे शब्द वर्षभर तोंडातून काढायचे नाहीत. "उत्तम हा अभिप्राय नाही, ढेकर आहे," सर म्हणायचे. "पोट भरलं एवढंच त्यातून कळतं. काय खाल्लंत ते सांगा." मी तेव्हाही फटकळच होते. म्हटलं, सर, जुन्या शास्त्रकारांनीच तर काव्याच्या उत्तम, मध्यम आणि अधम अशा पायऱ्या लावल्यात, त्यांचं काय? सर खूश झाले, म्हणजे रागावले नाहीत. "त्यांनी आधी कारण दिलं. उघड अर्थापेक्षा सुचवलेला अर्थ वरचढ असेल तर ते उत्तम. तुमच्याकडे कारण असेल तर तुम्हीही म्हणा." कारण वर्गात कोणाकडेच नसायचं. माझ्या आधीच्या सगळ्या प्रकरणांवर मिळून त्यांनी मला दिलेली सर्वांत मोठी दाद म्हणजे, "हं. हे राहू द्या."

त्यांचा स्वतःचा सिद्धान्त एका ओळीत मावण्यासारखा होता: लेखकाला विचारू नका, ओळीला विचारा. लिहिणाऱ्याला काय म्हणायचं होतं, तो तेव्हा कोणत्या दुःखात होता, याच्याशी समीक्षकाचं देणंघेणं नाही. कागदावर आहे तेवढंच खरं. या एका ओळीच्या जोरावर त्यांनी नाव कमावलं आणि बऱ्याच कवींना कायमचं घरी बसवलं. माझं शेवटचं प्रकरण नेमकं या ओळीवर उठलं होतं. ओळीला विचारता विचारता समीक्षा माणसाला विचारायचं विसरली आणि हळूहळू बहिरी झाली, असं मी लिहिलं होतं. गुरूच्या घरात बसून गुरूच्याच पायाखालची फळी काढायचा उद्योग. ती फळी खरोखर निघते की माझाच हात सोलवटतो, हे सांगू शकणारा माणूस एकच होता.

विभागाने मला नवे मार्गदर्शक दिले. भले गृहस्थ. "सही हवी ना? आणा," म्हणाले, आणि पहिलं पानही न उलटता त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मी म्हटलं, आधी वाचा तरी. "आधीची प्रकरणं सरांनी बघितलीत ना? मग झालं की," ते म्हणाले. दगडापेक्षा वीट मऊ असं म्हणतात, इथे तर लोण्याचा गोळा होता. पण मला सही नकोच होती. हे प्रकरण उभं राहतं की नाही, एवढंच मला सरांकडून ऐकायचं होतं. त्याशिवाय प्रबंध दाखल करायला माझा हात धजत नव्हता, आणि दाखल करायची मुदत तर जवळ येत चालली होती.

महिन्याभराने सर घरी आले. तिसऱ्या मजल्यावरच्या घरातली त्यांची लिहायची खोली आता त्यांची आजारपणाची खोली झाली. भाड्याने आणलेला लोखंडी पलंग आत मावेना म्हणून टेबल बाहेर निघालं. पुस्तकं मात्र भिंतीला होती तशीच राहिली. पलंगाच्या कडेला खाली लघवीची पिशवी लटकायची आणि तिची नळी चादरीखालून येऊन जमिनीला टेकत पुन्हा वर पिशवीत जायची. ज्या माणसापुढे खुर्चीत बसताना आम्ही पदर, ओढण्या, कॉलर नीट करायचो, त्याची ती नळी बघताना मला माझीच लाज वाटायची.

वाचेचे व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंनी आम्हाला समजावून सांगितलं. सरांना सगळं कळतं, पण शब्द सापडत नाहीत. अशा आजारात कधी कधी एकच शब्द उरतो आणि काहीही बोलायला गेलं तरी तोच बाहेर पडतो. कोणाला शिवी उरते, कोणाला बायकोचं नाव. रोगी तो शब्द निवडत नाही आणि त्या शब्दाच्या अर्थाशी त्याचा काही संबंधही नसतो. सरांना उरला होता 'उत्तम'.

तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून हसले, आणि मग तिथेच रडले. बाहेर आले तर काकू म्हणाल्या, "झालं का हसून? मीही हसले परवा. मग आपल्याला कामाला लागता येतं." काकू शाळेत मुख्याध्यापिका होत्या. कोणाचं हसणं, कोणाचं रडणं, त्यांच्यापासून लपत नसे.

सरांच्या उत्तमचं काय करायचं, हे काकूंनी त्यांच्यापुरतं ठरवून टाकलं होतं. सर "उत्तम" म्हणाले की त्या जवळ जाऊन एकेक विचारायच्या. पाणी? उशी? खिडकी लावू? कूस बदलू? त्यातल्या एखाद्या उत्तमला आवाज खाली उतरायचा, की समजायचं तेच हवं होतं. कितीदा तरी त्यांचाही अंदाज चुकायचा. पाणी हवं असताना त्या खिडकी लावून यायच्या, मग सर चिडून उत्तम उत्तम करायचे आणि काकू म्हणायच्या, "ओरडू नका, मी काय मनकवडी आहे?"

सरांना एकच शब्द उरलाय आणि तो कोणता, ही बातमी गावभर व्हायला कितीसा वेळ लागणार? लोक भेटायला येऊ लागले. आजाऱ्याला भेटायला यावं तसे काही जण आले. पण काही जण हातात पुस्तक घेऊन आले. सरांनी कधीकाळी सालटी काढलेले कथाकार, नाटककार, प्रस्तावना मागून हात हलवत परत गेलेले कवी. इकडचं तिकडचं बोलून ते हळूच म्हणायचे, "सर, एक छोटंसं वाचून दाखवू?" सर म्हणायचे, "उत्तम." वाचून झालं की पुन्हा, "उत्तम." आणि तो माणूस डोळे पुसत जिना उतरायचा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ज्या शब्दासाठी मी सहा-सात वर्षं झिजले तो इथे येईल त्याला वाटला जात होता.

आणि माझं प्रकरण माझ्या पिशवीत तसंच. दुपारी काकू बाहेर जायच्या तेव्हा मी सरांजवळ बसायची, पिशवीला हात लावायची आणि परत काढून घ्यायची. वाचून दाखवलं तर ते उत्तम म्हणणार. नाही दाखवलं तर काहीच कळणार नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

अशाच एका दुपारी पाऊण आला.

त्याचं नाव घ्यायची कोणाला गरजच पडत नसे. विमा कंपनीत अधिकारी, पन्नाशी उलटलेली, इस्त्रीचा शर्ट. तरुणपणी त्याने एक कवितासंग्रह काढला होता आणि सरांनी त्यावर लिहिलं होतं, "या पुस्तकात कवी पाऊणच आहे, उरलेला पाव छापखान्याचा." झालं. तेव्हापासून सगळ्या साहित्यवर्तुळात तो पाऊण. त्यानंतर त्याने एक ओळ छापली नव्हती. लिहीत मात्र होता, हे त्याच्या काखेतली जाड फाइल बघून कळलं.

काकू औषधं आणायला निघाल्या होत्या. "बसा हो, तिला सोबत होईल," असं म्हणून त्या गेल्या. सरांना डाव्या कानाने नीट ऐकू येतं म्हणून मी भिंतीजवळची जड लाकडी खुर्ची ओढून पलंगाच्या डाव्या बाजूला अगदी जवळ लावून दिली. पाऊण तीत सावरून बसला, फाइलची दोरी सोडली आणि म्हणाला, "सर, फक्त थोड्या वाचतो."

पहिल्या कवितेला सर हळूच "उत्तम" म्हणाले. पाऊणचे कान लाल झाले. दुसरीला म्हणाले, तिसरीला म्हणाले. मला वाटलं होतं की हा फार तर चार-पाच वाचेल, पण कोंडलेलं पाणी सुटलं की थांबतंय कुठे? कविता वाईट नव्हत्या. चांगल्याही नव्हत्या. सर पाऊण म्हणाले होते ते तंतोतंत होतं, हे ऐकताना मला उगाच गुरूचा अभिमान वाटला.

मग सरांचं उत्तम कविता संपायची वाट बघेनासं झालं. ओळीच्या मध्येच येऊ लागलं. पाऊणने मान वर केली. "बघितलंत? बरोबर जागेवर दाद आली."

"दाद नाही ती," मी म्हटलं. मला राहवेना. "आवाज ऐका. चढा आहे. टोमणा मारतायत."

"टोमणा?"

"ती ओळ पडलीय. उपमा फसलीय तुमची. तिथेच नेमके बोलले ते."

"अहो बाई, टोमणा मारणाऱ्याला घाम येतो का? चेहरा बघा त्यांचा."

सरांच्या कपाळावर घाम होता आणि चेहरा लालबुंद झाला होता. मी बघितला. नीट बघितला. आणि म्हटलं, "त्यांना राग आला की असंच व्हायचं वर्गात."

"उत्तम," सर म्हणाले. "उत्तम, उत्तम."

पाऊणने पुढची कविता काढली. आता सरांचा डावा हात गादीवर आपटू लागला. पाऊण वाचता वाचता हसला. "ताल धरतायत," म्हणाला. "ताल कसला, पुरे करा म्हणतायत," मी म्हटलं, "कारण तुमच्या कडव्याला शेवटच नाही." त्यावर तो चिडला. म्हणाला, तुम्ही सरांच्या शाळेतल्या, तुम्हाला कौतुक ऐकू येतच नाही, कानच तसे केलेत तुमचे. मी म्हटलं, आणि तुम्हाला कौतुकाशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही. त्याने मला शास्त्रकारांचे दाखले दिले. जाणत्या रसिकाचे डोळे भरून येतात, अंगावर काटा येतो, घाम फुटतो, ही सगळी रसाची लक्षणं पोथीत दिलेली आहेत म्हणाला. मी म्हटलं, लक्षणं आहेत, पण रस कोणता ते आधी ठरवा. आमचे दोघांचे आवाज चढले. आमच्या मध्ये सर पडलेले, आणि त्यांचा आवाज आमच्याहूनही चढलेला. उत्तम. उत्तम. उत्तम.

दार धाडकन उघडलं. काकू औषधांची पिशवी हातात तशीच घेऊन आत धावत आल्या. त्यांनी पाऊणला खुर्चीसकट मागे ढकललं.

खुर्चीच्या पुढच्या पायाखाली नळी चेपली होती. अगदी चपटी झाली होती. पिशवी जवळजवळ कोरडी होती. काकूंनी खाली बसून नळी सोडवली, बोटांनी चोळून मोकळी केली आणि लघवी आवाज करत पिशवीत पडू लागली. ती बराच वेळ पडत राहिली. सरांचा आवाज हळूहळू उतरला. उत्तम, उत्तम, असं करत ते रडू लागले. लहान मूल मार खाऊन झाल्यावर रडतं तसं.

"किती वेळ चाललं होतं हे?" काकूंनी विचारलं.

पाऊण फाइलमधले कागद गोळा करू लागला, मी नळीकडे बघत होते.

"खाली दुसऱ्या मजल्यावर ऐकू येत होतं मला. माणूस किंचाळतोय. आणि तुम्ही दोघं इथे बसून?"

"काकू, आम्हाला वाटलं..."

"काय वाटलं?"

सर एका कडव्यावर मत देतायत असं आम्हाला वाटलं, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? माझ्या पिशवीत, हाताच्या अंतरावर, समीक्षा माणसाला विचारायचं कशी विसरली यावर मी लिहिलेली साठ-सत्तर पानं होती. आणि मी सरांना एकदाही विचारलं नव्हतं, सर, काय होतंय? पाऊण चुकला ते समजण्यासारखं आहे, त्याला बिचाऱ्याला एक शब्द हवा होता. मला तर तेवढीही सबब नव्हती. मी फक्त त्याला खोटं पाडत होते.

काकू ओल्या फडक्याने सरांचं तोंड पुसत राहिल्या. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

पाऊण जिन्यात माझी वाट बघत उभा होता. फाइलची दोरी त्याला बांधता येत नव्हती. "एक विचारू?" तो म्हणाला. "पहिली कविता वाचली तेव्हा हळूच म्हणाले बघा सर. तेव्हा तर नसेल ना दुखत? तेव्हा तर नुकतंच..."

खुर्ची पहिल्यापासून तिथेच होती. मीच लावली होती. आणि दुखत नसतं तरी त्या शब्दाला अर्थ नव्हताच, हे गावभर झालेलं त्यानेही ऐकलं असणारच. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"तेव्हा नसेल दुखत," मी म्हटलं.

"मग ते खरं असेल?"

"असेल."

त्याने मान हलवली आणि तो जिना उतरून गेला. आयुष्यात पहिल्यांदा मी कवितेवर एक अभिप्राय कारणाशिवाय दिला. त्याचा मला पश्चात्ताप नाही.

त्यानंतर मी तिकडे फिरकले नाही. कोणत्या तोंडाने जाणार? घरी आई विचारायची, "सर कसे आहेत?" आणि मी बरे आहेत म्हणून उठून जायची. रात्रंदिवस तो गादीवर आपटणारा हात डोळ्यांपुढे यायचा. प्रबंध जसाच्या तसा देऊन टाकावा असं कधी वाटायचं, आणि कधी वाटायचं शेवटचं प्रकरण फाडून टाकावं. ज्या बाईला समोरच्या माणसाचं किंचाळणं कळत नाही तिने बहिरेपणावर लिहावं? शेवटी काकूंचाच फोन आला. "अगं, आहेस कुठे? मला शनिवारी दातांच्या डॉक्टरकडे जायचंय, यांच्याजवळ कोण बसणार?" मग त्याच म्हणाल्या, "मी रागावले होते. अजून थोडी आहे. तरीही ये. आणि तुझं ते काय वाचायचं राहिलंय तेही घेऊन ये, किती दिवस पिशवीत वागवशील?"

म्हणजे त्यांना ते पहिल्यापासून माहीत होतं.

मी गेले. काकू दातांच्या डॉक्टरकडे गेल्या. सर मला बघून "उत्तम" म्हणाले आणि मी काही समजून घ्यायचा प्रयत्न केला नाही. नळी हाताने चाचपली, पिशवी बघितली. पाणी हवंय का विचारलं, उशी विचारली, खिडकी विचारली. उशीला आवाज उतरला, मी उशी सरळ केली. मग कोणतीही खुर्ची न ओढता पायाशी स्टुलावर बसले आणि म्हटलं, "सर, शेवटचं प्रकरण आणलंय. वाचू?"

"उत्तम."

मी वाचू लागले. पहिल्या काही पानांत ते एक-दोनदा बोलले, मी दर वेळी थांबून विचारलं आणि काही नको असं दिसलं तेव्हा पुढे गेले. मग मी त्या भागाशी आले. सरांची ती एक ओळ, त्यावरचा माझा आक्षेप, त्यामागची कारणं. सर माझ्याकडे बघत होते. पूर्वी वर्गात बघायचे तसे, पापणी न हलवता. मी एक पान वाचलं, दुसरं वाचलं. त्यांचा डावा हात चादरीवर जरासा उचलला गेला.

"उत्तम."

मी थांबले. "पाणी, सर?"

"उत्तम." आवाज तसाच.

"पाय दुखतायत?"

"उत्तम."

मग मला राहवलं नाही. "हे बरोबर आहे का, सर? मी लिहिलंय ते?"

"उत्तम."

"चुकलंय?"

"उत्तम." काही फरक नाही. तोच चढा, ताणलेला आवाज, आणि डोळे माझ्यावर खिळलेले. मी सगळे प्रश्न विचारून बसले. खोडून काढू? पुन्हा लिहू? तुम्हाला वाईट वाटलं का? प्रत्येकाला तेच उत्तर आणि तोच सूर. त्यांच्या कपाळाची शीर टरारून आली. ते दमले होते, आणि मी एका आजारी म्हाताऱ्या माणसाला माझ्या परीक्षेला बसवलं होतं. एकच प्रश्न विचारायचा राहिला होता आणि तो विचारायची मला मनापासून भीती वाटत होती.

"सर," मी म्हटलं, "थांबू का?"

"उत्तम," सर म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. आवाज अगदी खाली उतरला होता. त्या शब्दात एवढं समाधान मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि ते माझ्या गप्प बसण्याबद्दल होतं.